उघड कुणाला, आणि कधी?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारात येणारे धान आज बहुतेक करून रबर रोलवर सोलले जाते. दोन रबरी रूळ एकमेकांविरुद्ध फिरतात, एकाची गती दुसऱ्यापेक्षा जास्त असते, आणि मधून जाणाऱ्या दाण्याचे टरफल ओरबाडल्यासारखे निघून येते. जुन्या हलरमध्ये लोखंडी दंडगोल आणि पाते होते. धान घासले जाऊन सोलले जायचे, कणी जास्त पडायची, भुसा आणि कोंडा एकत्र निघायचा. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली की कुणीही म्हणेल, तांदूळ तुटत होता तर लोखंडाऐवजी काहीतरी मऊ वापरायचे, यात कसली अक्कल लागली? वरवर हा गिरणीचा प्रश्न दिसतो, पण मुळात तो ज्ञानाचा आहे. एखादी गोष्ट कळल्यानंतर, ती कळलेली नव्हती तेव्हाचे आपले मन पुन्हा उभे करता येते का? पेटंटचा कायदा परीक्षकाकडून आणि न्यायाधीशाकडून नेमकी हीच अवघड कसरत मागतो. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात 2005 मध्ये बदललेल्या व्याख्येनुसार शोधात आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे लागते. शिवाय त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तो उघड वाटता कामा नये. माझे म्हणणे असे की उघडपणा हा शोधाच्या अंगचा गुण नाही. त्या वेळी, त्या जाणकाराला, त्या दिशेने जायला काय कारण होते, यावर तो ठरतो. कारणे बाजूला ठेवून फक्त सोपेपणा मोजला, तर निकाल चुकलाच म्हणून समजा.

यावरचा आपल्याकडचा मूळ निकाल भांड्यांचा आहे. पितळेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला तो परका वाटू नये. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजला लेथवर भांडे तासताना ते पकडून ठेवण्याच्या साधनासाठी 1951 पासूनचे पेटंट मिळाले होते. जुन्या पद्धतीत उथळ थाळी हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला, लुकणाने चिकटवत किंवा चकमध्ये धरत. फिरता फिरता ती निसटून उडण्याची भीती असे. नव्या पद्धतीत समोरून टेलस्टॉकचा दाब देऊन ती दोन्हीकडून धरली. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिस्पर्ध्याने त्याला आव्हान दिले, आणि 13 डिसेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती सरकारिया यांच्या निकालपत्रात, ते पेटंट टिकत नाही असे ठरवले. टेलस्टॉक जुना, दाब देणारा स्पिंडल जुना, आणि जुन्या साधनाचा तशाच कामासाठी केलेला वापर ही कारखान्यातली सुधारणा असली तरी शोध ठरत नाही. या निकालातली कसोटी मला निकालाहूनही मोलाची वाटते. जाणकार माणसाच्या हाती जुनी माहिती आहे, अडचणही तीच आहे, फक्त उत्तर त्याला ठाऊक नाही. अशा वेळी तो ती माहिती पाहून ‘मला हवे ते हेच’ असे म्हणाला असता का? म्हणजे न्यायालय वस्तूकडे कमी आणि माणसाच्या विचाराकडे जास्त पाहत होते. वस्तू उडत असेल तर ती दुसऱ्या बाजूनेही धरावी, आणि धरायचे साधन त्याच यंत्राला लागलेले आहे. इथे कारण समोर उभे होते.

आपणहून सुचणारे आणि सांगावे लागणारे यांतला भेद आपल्या दर्शनांत फार पूर्वी काटेकोरपणे मांडला गेला, आणि तोही धानावरच. मीमांसकांनी विचारले, यज्ञासाठी धान कांडावे असा विधी सांगण्याची गरजच काय? तांदूळ हवा तर माणूस टरफल काढणारच. त्यांचे उत्तर असे की टरफल नखांनीही सोलता येते, म्हणून कांडणे एका पक्षी आपोआप प्राप्त आहे आणि दुसऱ्या पक्षी नाही. जिथे ते प्राप्त नाही तिथे विधी ते आणून देतो. याला त्यांनी नियमविधी म्हटले. जे कोणत्याच मार्गाने प्राप्त नव्हते ते सांगणारा विधी अपूर्व. आधीच प्राप्त असलेले पुन्हा सांगितले तर तो अनुवाद, त्यात नवे काही नाही. हे विवेचन कर्मकांडाचे आहे आणि पेटंटशी त्याचा ऐतिहासिक संबंध शून्य. पण ‘हे सांगितले नसते तर माणूस आपणहून तिथे पोचला असता का’ हा प्रश्न त्यांनी जितक्या स्वच्छपणे विचारला, तितका कायद्याच्या पुस्तकांत क्वचित सापडतो. शिवाय त्यांनी मधली पायरी ओळखली: अनेक वाटा खुल्या आहेत आणि त्यांतली एक निवडली आहे.

आता इंजेक्शन मोल्डिंग घ्या. प्लास्टिकचा दाणा तापलेल्या बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू तो दाबाने साच्यात ढकलतो, साचा थंड झाला की वस्तू बाहेर पडते. जिथे भिंत जाड असते तो भाग सर्वांत शेवटी थंड होतो, आकसतो आणि वरच्या पृष्ठभागावर खळगा पाडतो. त्यालाच सिंक मार्क म्हणतात. मशीनवरच्या माणसाचे ठरलेले उपाय असतात: होल्डिंग प्रेशर वाढव, गेट मोठे कर, थंड व्हायला जास्त वेळ दे, नाहीतर साचाच बदलून जाडी कमी कर. 1970 च्या दशकात निराळाच मार्ग पुढे आला. वितळलेल्या प्लास्टिकच्या पोटात दाबाखाली वायू सोडायचा, म्हणजे जाड भाग आतून पोकळ होतो आणि बाहेरची भिंत साच्याला दाबलेली राहते. हे उघड होते का? उलटतपासणी करणारा वकील म्हणेल, बाटल्या बनवणारे प्लास्टिकमध्ये हवा फुंकतच होते, ती युक्ती इकडे आणली इतकेच. पण इंजेक्शनच्या मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते की हवा ही शत्रू. साच्यात अडकलेली हवा दाबली जाऊन तापते, प्लास्टिक करपते, म्हणून तिला बाहेर काढायला कडेला बारीक व्हेंट कोरतात. ज्याचे सगळे शिक्षण वायू बाहेर ठेवण्याचे, त्याला तो मुद्दाम आत सोडायला काय कारण? दोन जुन्या गोष्टी जोडल्या एवढ्यावरून भांड्याचा निकाल इथे लावता येणार नाही. तिथे धंद्याचे ज्ञान उत्तराकडे नेत होते, इथे ते उत्तरापासून दूर नेत होते.

यावर पहिला आक्षेप दमदार आहे. कारण दाखवा असा आग्रह धरला, तर ‘असे लिहिलेले कुठे आहे’ म्हणत कुणीही किरकोळ जोडाजोड पेटंटमध्ये घुसवेल. अमेरिकेत हेच घडत होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात, मोटारीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याच्या पेटंटवर, लेखी सूचनेचा हा हट्ट मोडून काढला. जाणकार माणूस म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्याला सर्वसाधारण कल्पकता असते. मला हे मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने धक्का लागत नाही. कारण लेखीच असले पाहिजे असे मी म्हणत नाही. ते बाजाराच्या मागणीत असेल, मोजक्या पर्यायांत असेल, रोजच्या अडचणीत असेल. पण असले पाहिजे, आणि ते शोधाच्या आधीचे असले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की उत्तर कळलेले मन कोरे होत नाही, त्यामुळे ही कसोटीच अशक्य. मन कोरे होत नाही, हे खरे. म्हणून तर साक्ष मनातून न घेता त्या काळातून घ्यायची: कुणी काय प्रयत्न केले, कुठे अडले, धंद्यातले लोक कशाला धोका मानत होते. इथेही सावध राहायला हवे. उशीर झाला म्हणजे शोध अवघड होता असे सरसकट म्हणता येत नाही. हलरनंतर रबर यायला वेळ लागला तो कल्पना सुचली नाही म्हणून की टिकाऊ रबर परवडत नव्हते म्हणून, हे तपासल्याशिवाय त्या उशिरातून काहीच सिद्ध होत नाही.

मग जाणकार कोण? 1978 च्या त्या कसोटीत तो कसबी माणूस किंवा इंजिनिअर आहे, निव्वळ कारागीर नव्हे, असा फरक केलेला आहे. मला तो खटकतो. पितळेचे भांडे लेथवर धरणारा किंवा रबर रोलमधले अंतर धानाच्या ओलीप्रमाणे कमीजास्त करणारा माणूस कागदावर काही लिहीत नाही, पण कोणत्या बदलाने काय होईल याचा अंदाज त्याच्या हातात असतो. कायद्याने त्याला दार उघडे ठेवले आहे. कलम 25(1) प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणालाही हरकत घेता येते, आणि छापलेल्या मजकुराखेरीज भारतात आधी प्रत्यक्ष वापरात काय होते हेही त्यात विचारात घ्यावे लागते. अडचण पुराव्याची. व्यवहारात परीक्षक जुनी पेटंटे आणि लेख चाळतो. वर्कशॉपमधली तोंडी विद्या त्याच्या टेबलावर कुणी आणून ठेवली तरच पोचते.

त्यामुळे मोल्डिंगच्या ज्या अर्जांत दाब इतका, तापमान इतके, थांबायचे सेकंद इतके, एवढाच दावा असतो, त्यांकडे मी नियमविधीसारखेच पाहीन. वाटा आधीच खुल्या आहेत, आकडे फिरवून पाहणे हे मशीनवरच्या माणसाचे रोजचे काम आहे. त्या आकड्यांवर काहीतरी अनपेक्षित घडते, हे दाखवण्याचा भार अर्जदाराने उचलावा. तसे दाखवता आले नाही, तर वीस वर्षांची मक्तेदारी मागण्याचा त्याला अधिकार नाही.