दुसऱ्याच्या नावावरचे कर्म

कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत दोन दोषांचा उल्लेख वारंवार येतो: केलेल्या कर्माचे फळ कर्त्यापर्यंत न पोहोचता नाहीसे होणे, म्हणजे कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ कोणाच्या तरी माथी येणे, म्हणजे अकृताभ्यागम. प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते आणि दुसऱ्या क्षणी तिच्या जागी तिच्यासारखीच नवी वस्तू आलेली असते, या बौद्धांच्या क्षणिकवादावर विरोधकांनी हेच दोन दोष दाखवले. कारण करणारा क्षण मागेच नष्ट झाला असेल, तर भोगणाऱ्या क्षणाचा त्या कर्माशी संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. आठव्या शतकातील शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रहा'च्या कर्मफलसंबंधपरीक्षा या प्रकरणात या आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले आहे. कर्ता आणि भोक्ता एकच नसले तरी कार्यकारणाने जोडलेल्या क्षणांच्या एकाच प्रवाहात, म्हणजे एकाच 'संताना'त, ते येतात आणि तेवढे नाते फळाच्या व्यवस्थेला पुरते, असा त्याचा रोख आहे. हे उत्तर ज्या गृहीतावर उभे आहे ते असे की प्रवाह आपोआप वाहतो, तो कोणी बाहेरून जोडत नाही. चित्रपटात नेमके हेच गृहीत ढासळते.

सेकंदाला चोवीस चौकटी या गतीने 107 मिनिटांच्या चित्रपटात दीड लाखाहून अधिक स्थिर चित्रे पडद्यावरून जातात आणि पाहणाऱ्याला त्यांतून एक सलग व्यक्ती दिसते. मात्र कोणत्या चौकटीमागे कोणती चौकट यावी, हे कात्री हातात असलेला माणूस ठरवतो. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या निघतात तेव्हा खरा प्रश्न लांबीचा नसतो. पडद्यावरच्या देहाने जे केले ते कोणाच्या खाती जमा धरायचे, हा असतो.

बू आर्ने विबेनियस यांचा 'थ्रिलर – एन ग्रिम फिल्म' (थ्रिलर, एक क्रूर चित्रपट) हा 1973 चा स्वीडिश चित्रपट या प्रश्नासाठी जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे. एक्स्प्लॉयटेशन, म्हणजे हिंसा आणि लैंगिकता यांच्या बळावर थोड्या भांडवलात काढलेला आणि जाहिरातीच्या गलक्यावर खपवलेला सिनेमा, या प्रकारात तो मोडतो. विबेनियस यांनी इंगमार बर्गमन यांच्या 'पर्सोना'वर साहाय्यक म्हणून काम केले होते; 1969 मध्ये त्यांनी काढलेला मुलांचा चित्रपट धंद्यात बुडाला आणि हमखास पैसा मिळवून देईल असे काहीतरी करायचे, या हिशेबाने त्यांनी 'थ्रिलर' हाती घेतला. दिग्दर्शक म्हणून नाव मात्र लावले ते ॲलेक्स फ्रिडोलिन्स्की असे, बनावट.

कथेतील नायिका लहानपणीच्या अत्याचारामुळे वाचा गमावलेली आहे. टोनी नावाचा दलाल तिला हेरॉइनची सवय लावून वेश्याव्यवसायात ढकलतो आणि तिने प्रतिकार केल्यावर तिचा एक डोळा फोडतो. पुढे ती गाडी चालवणे, नेमबाजी आणि हाणामारी शिकून सूड घेते, आणि हा सूड संथगतीत इतका लांबवला आहे की तो थरारापेक्षा एखाद्या विधीसारखा वाटू लागतो. कपड्यांना साजेशी रंगीत डोळपट्टी हे तिचे चिन्ह. क्वेंटिन टॅरेंटिनो यांच्या 'किल बिल'मधील एल ड्रायव्हरची डोळपट्टी तिथूनच आली. जाणकारांच्या गप्पा बहुधा या पट्टीपाशीच अडतात, आणि चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग त्यामुळे दुर्लक्षित राहतो. टोनी नायिकेच्या नावाने तिच्या आईवडिलांना तिरस्काराने भरलेली पत्रे पाठवतो आणि ती वाचून ते दोघे जीव देतात. जी बोलू शकत नाही तिच्या तोंडी शब्द घातले गेले आणि न लिहिलेल्या पत्रांचे फळ तिच्या वाट्याला आले. अकृताभ्यागमाचे याहून नेमके उदाहरण एखाद्या भाष्यकारालाही सुचले नसते.

पण हेच कर्म चित्रपटाने स्वतःही केले आहे. त्याच्या संपूर्ण आवृत्तीत उघड संभोगाची जी दृश्ये मध्येमध्ये जोडली आहेत ती नायिकेची भूमिका करणाऱ्या क्रिस्टिना लिंडबर्ग यांच्यावर चित्रित झालेली नाहीत. ती दुसऱ्याच व्यक्तींनी केली. चेहरा एकीचा आणि देह दुसरीचा अशी सांधणी झाली की पाहणारा ते कर्म चेहऱ्याच्या नावावर टाकून मोकळा होतो. येथे फळ म्हणजे परलोकीची गती नव्हे, लौकिक कीर्ती-अपकीर्ती. ती लिंडबर्ग यांच्याकडे गेली, आणि ज्यांचा देह वापरला गेला त्यांचे श्रम व संकोच निनावी विरून गेले. एकाच जोडकामात दोन्ही दोष घडले. टोनीने पत्रांखाली दुसरीचे नाव घातले आणि दिग्दर्शकाने आपल्या कृतीवर खोटे नाव चढवले, हे साम्य योगायोगाचे असेलही, पण ते डोळ्यांआड करता येत नाही.

अमेरिकेत अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीने 1974 मध्ये हा चित्रपट 'दे कॉल हर वन आय' या नावाने दाखवला तेव्हा ही दृश्ये गाळली होती आणि एकूण लांबीही बरीच घटवली होती. पुढे 2000 नंतरच्या दशकात सिनॅप्स फिल्म्सने जोड असलेली आणि जोड नसलेली अशा दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या विकल्या. यावर एक सोयीचा बचाव संभवतो: आम्ही दाखवला तो चित्रपटच वेगळा, तेव्हा मूळ आवृत्तीतल्या कर्माशी आमचा संबंध नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेनांनी याच धाटणीच्या बचावाचा समाचार घेतला आहे. आंबे चोरणारा म्हणतो की मालकाने लावला तो आंबा वेगळा आणि आपण नेले ते आंबे वेगळे. तरीही तो दंडाला पात्र ठरतो, कारण लावलेल्या आंब्यावाचून नेलेले आंबे आलेच नसते. गाळलेली आवृत्तीही त्याच चित्रीकरणातून आलेली आहे. तिने लिंडबर्ग यांच्यावरचा आळ काही अंशी कमी केला, हे मान्य करावे लागेल. पण जोडणाऱ्याला तिने मोकळे केले नाही.

मग प्रमाण आवृत्ती कोणती मानावी? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त श्लोक, म्हणजे मागाहून शिरलेला मजकूर, फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला आहे, आणि ग्रंथांच्या बाबतीत ही रीत न्याय्यच आहे. 'थ्रिलर'ला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथे प्रक्षेप खुद्द कर्त्याचाच आहे. जी आवृत्ती कर्त्याच्या हेतूशी सर्वांत प्रामाणिक, तीच नायिकेशी सर्वांत अप्रामाणिक. पाठचिकित्सेला मूळ पाठ ठरवता येईल. नैतिक निवाडा तिच्याकडून मागणे म्हणजे तिच्यावर भलतेच ओझे टाकणे होय. कर्त्याचा अधिकार अंतिम मानणारे रसिक संपूर्ण आवृत्तीचा आग्रह धरतात तेव्हा त्यांच्या नजरेतून हाच भेद निसटतो.

उत्तराचा धागा चित्रपटातच आहे. शेवटी टोनीला गळ्यापर्यंत जमिनीत गाडून त्याच्या मानेभोवतीचा दोर घोड्याला बांधलेला असतो आणि घोडा भुकेपोटी खाद्याकडे सरकत जातो. हत्या घोड्याने केली असे कोणी म्हणत नाही. ज्या नायिकेवर चित्रपटाने न केलेली कर्मे लादली, ती या एका कर्माचे कर्तेपण कोणाकडे जाऊ देत नाही: दोर तिनेच बांधलेला असतो आणि ती समोर उभी राहून पाहत असते.