कुडझूने काय गुन्हा केला?

परदेशातून आलेल्या कुठल्याही तणाबद्दल वाचायला घ्या, दोन-तीन वाक्यांत युद्धाची भाषा सुरू होते. आक्रमण, घुसखोरी, नायनाट. अमेरिकेच्या दक्षिणेत ही भाषा सगळ्यात जास्त कुडझू नावाच्या वेलीच्या वाट्याला आली आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीत ती रस्त्याकडेची झाडं, विजेचे खांब, पडकी घरं अख्खी झाकून टाकते. उन्हाळ्यात दिवसाला फूटभर वाढू शकते. खालच्या झाडांना ऊन मिळत नाही, ती मरतात. नुकसान खरं आहे. मला त्याच्या पुढचा प्रश्न पडतो. यासाठी वेलीला दोषी म्हणता येतं का? आणि म्हणता येत नसेल, तर तिला मुळापासून उपटायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

उत्तर शोधायचं तर आधी मातीकडे बघावं लागतं.

तिथली लाल माती मुळातच आम्लधर्मी. हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलंय. आपल्या कोकणातल्या जांभ्या जमिनीचं झालंय तसंच. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कापूस घेतला गेला, आधी गुलामांकडून, नंतर कर्जात बुडालेल्या वाटेकऱ्यांकडून. वरचा कसदार थर वाहून गेला, शेतांत घळी पडल्या. पीएच साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं खुंटतात. (पीएच एक अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहा पट वाढली. आकडा साधा दिसतो म्हणून फसायला होतं.) अशा जमिनीत लसूणघास लावायची तर आधी भरपूर चुना टाकावा लागतो, कारण तिच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू आम्लात तग धरत नाहीत. चुन्याला पैसे लागतात. १९३०च्या मंदीत वाटेकऱ्याकडे ते कुठून असणार?

कुडझूला चुना लागत नव्हता. आम्लता तिला आवडते असं नाही. फक्त तिथे तिचं अडत नाही. तिच्या मुळांवरचे जिवाणू अशा मातीतही हवेतला नत्र पकडतात. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी दालनात मांडलेली ही शोभेची वेल लोकांनी व्हरांड्यावर सावलीसाठी चढवली. १९३५ नंतर तिथल्या सरकारच्या मृदसंधारण खात्याने तिची ७ कोटींहून जास्त रोपं तयार करवली आणि लावणाऱ्याला एकरी ८ डॉलरपर्यंत द्यायचं ठरवलं. १९५३ साली शिफारशीच्या यादीतून तिचं नाव गेलं. पुढे ती तणांच्या यादीत आली.

आमच्या कामात प्रोजेक्टच्या सुरुवातीला रिक्वायरमेंट लिहून घेतात. कुडझूची यादी अशी झाली असती: नापीक जमिनीत वाढली पाहिजे, उतार धरून ठेवला पाहिजे, भराभर पसरली पाहिजे, देखभाल लागता कामा नये. वेलीने एकूण एक अट पाळली. कुठे थांबायचं ही अट कुणी घातलीच नव्हती. आज तिच्यावर जे आरोप आहेत, ते तिच्या नेमणुकीच्या वेळचे गुण आहेत, शब्दशः तेच. 'आक्रमक' म्हटलं की नेमणूक करणारा चित्रातून गायब होतो. आपल्याकडे गाजरगवताला निदान 'काँग्रेस गवत' म्हणून लोकांनी आणणाऱ्याचा पत्ता तरी चिकटवून ठेवला, मग तो बरोबर असो वा नसो.

वेलीची बाजू फार ताणायलाही मी तयार नाही. ती नत्र मातीत आणते, त्याचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि नायट्रेट पावसाने वाहून गेलं की आम्ल मागे उरतं. आधीच आम्ल जमीन आणखी त्याच दिशेने ढकलली जाऊ शकते. जॉर्जियात केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुडझूखालच्या मातीतून नायट्रिक ऑक्साइड दुपटीहून जास्त निघताना आढळला; त्यापासून ओझोनचं प्रदूषण वाढतं. म्हणजे ती कारण आहे, यात शंका नाही. पण दोष द्यायला समोरच्याला वेगळं वागण्याची शक्यता हवी. वेलीला ती नव्हती. वाटेकऱ्याला थोडी होती, पण दारात सावकार उभा असताना ८ डॉलर नाकारणं याला मी निवड म्हणणार नाही. खात्याचा हेतू तर चांगलाच होता, धूप खरोखरच भयंकर होती.

मग दोषी कुणीच नाही? मला वाटतं, आपली गोची इथेच होते. काही उपटायचं तर आधी त्याला गुन्हेगार ठरवल्याशिवाय आपला हात उचलत नाही. त्यामुळे गुन्हेगारही सोयीने निवडले जातात. अमेरिकी वनखात्याच्या पाहणीत कुडझू सुमारे २ लाख २७ हजार एकर वनजमिनीवर आहे, तर कुंपणाला लावतात ती आशियाई प्रिव्हेटची झुडपं ३२ लाख एकरांवर. पण कुडझूला ऊन लागतं, ती रानाच्या कडेला वाढते आणि गाडीतून दिसते. प्रिव्हेट सावलीतही चुपचाप वाढतं. त्याच्या नावाने कुणी बोटं मोडत नाही.

दोष नसतानाही जबाबदारी असू शकते. अलाबामात काल जमीन घेतलेल्या माणसाने एकही रोप लावलेलं नाही, तरी मुळांचे गड्डे त्यालाच खणावे लागतील. शेजाऱ्याचं रान वाचवायचं तर दुसरा कोण करणार? त्यासाठी वेलीचा राग यायची गरज नाही. जपानात हिच्याच कंदाच्या पिठाची मिठाई होते. आपल्या सह्याद्रीतला विदारीकंद हिच्याच कुळातला, तोही जोमदार वेल, पण त्याच्यावर कुणी सात कोटी रोपांची योजना काढली नाही.

चॅटनूगा शहराने कुडझू खायला शेळ्या सोडल्या होत्या. पाला त्या आवडीने खातात. गड्डे मात्र जमिनीतच राहतात, आणि मातीचा पीएच आहे तिथेच.