अर्धा चमचा कमी

छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, नेवासा तालुक्यात घोडेगाव लागतं. कांद्याच्या लिलावाचा दिवस असला की इथल्या टपऱ्यांवरचं पातेलं खाली उतरत नाही. गोण्या उतरल्या की चहा. लिलावाची वाट बघताना चहा. भाव चांगला मिळाला तर त्या आनंदात चहा, आणि पडला तर मन सावरायला चहा. या गर्दीत हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. कुणी काका सदऱ्याच्या खिशातून छोटी पांढरी डबी काढतात आणि अंगठ्याने टक् टक् दाबतात. मुगाच्या दाण्याएवढ्या दोन गोळ्या कपात पडतात, क्षणभर फसफसतात आणि दिसेनाशा होतात. काकांचा चहा अर्थात वेगळा उकळलेला, कारण टपरीच्या पातेल्यात साखर आधीच पडलेली असते. मग बाकावरचा कुणीतरी विचारतोच, “हे साखरेपेक्षा चांगलं का हो? का आपला गुळाचा घेत जावा?” प्रश्न साधा आहे आणि मनापासून विचारलेला आहे. आधी गुळाचं बघू. हल्ली रस्तोरस्ती ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्यात आणि तो चहा चवीला सुरेखच लागतो. गुळात थोडं लोह आणि थोडी खनिजं असतात, हेही खरं. पण गूळ उसाच्याच रसाचा, आणि त्यातला बहुतेक भाग साखरच. शंभर ग्रॅम साखरेत साधारण 400 कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. मधाचंही फारसं वेगळं नाही. तेव्हा गूळ आवडतो म्हणून जरूर घ्यावा. मधुमेहावर उतारा म्हणून मात्र घेऊ नये.

डबीतल्या गोळीचं गणित वेगळं आहे. अशा गोळ्यांत वापरलं जाणारं ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड असतं आणि सुक्रलोज सुमारे 600 पट. म्हणून ते अगदी कणभर पुरतं आणि कॅलरी जवळजवळ काहीच पोटात जात नाहीत. स्टीव्हियाच्या पानांतून काढलेली गोडीही याच जातीची. यात नवं असं फार नाही. सॅकरीनचा शोध 1879 मध्येच लागला, आणि खेड्यापाड्यांतलं स्वस्त गारेगार कित्येक वर्षं त्यानेच गोड होई. मधुमेह असलेल्यांना या गोळीचा फायदा आहे. तिने रक्तातली साखर लगेच उसळत नाही, दातही किडत नाहीत. डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर काकांनी ती निर्धास्त घ्यावी. 2023 च्या जुलैमध्ये ॲस्पार्टेमला ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या यादीत टाकल्याची बातमी आली आणि घराघरांतल्या डब्या कपाटात गेल्या. पण त्याच वेळी जागतिक तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम अशी आधीचीच कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती 2400 मिलिग्रॅम होते, आणि चहातल्या दोन-चार गोळ्या तिच्या जवळपासही जात नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती बातमीत फार गाजली नाही, पण आपल्यासारख्यांच्या जास्त कामाची आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी म्हणून या गोड पर्यायांवर विसंबू नका, कारण लांबच्या पल्ल्यात त्याने वजन कमी होत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हेही तिथेच स्पष्ट केलं होतं. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले, गरगरलं, तर बहुतेक वेळा रक्तातली साखर खाली गेलेली असते. तेव्हा ही गोळी कामाची नाही. त्या क्षणी खरी साखरच द्यायची, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठायचा.

पण माझं मन अडतं ते गोळीपाशी नाही, गोळीनंतर जे होतं तिथे. चहात साखर नाही, म्हणून जिवाला एक मोकळीक मिळते. मग बशीत चार क्रीमची बिस्किटं येतात. दुपारी कुणाच्या साखरपुड्यातली जिलेबी येते, “आज चहा बिनसाखरेचाच घेतलाय” असा हिशेब मांडून. वाचवलेली साखर अशी दुसऱ्या दाराने आत येते, बहुधा जास्तीच. दुकानातल्या ‘शुगर फ्री’ बिस्किटांचंही तसंच. आपल्याकडे नियम असा आहे की शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच पुड्यावर तसं लिहिता येतं. म्हणजे लिहिलेलं खोटं नसतं. पण पुडा उलटा करून घटकांची यादी वाचावी. जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव सगळ्यात आधी, असा तिथला क्रम असतो. पहिलं नाव बहुतेकदा मैद्याचं असतं, आणि तेल-तूपही फार मागे नसतं. मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. म्हणून मला वाटतं, साखर की गूळ की गोळी हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, आपल्या जिभेला किती गोड लागतं? गोळीने साखर गेली तरी गोडी तेवढीच राहते, आणि जीभ त्याच गोडीची वाट बघत बसते. ही जीभ मात्र हट्टी असली तरी शिकणारी आहे. चहातली साखर एकदम बंद केली तर तिसऱ्या दिवशी माणूस कंटाळून पुन्हा दोन चमच्यांवर येतो. पण दोनाचा दीड केला, काही आठवडे तिथेच थांबलं, मग दीडाचा एक केला, तर फारसं काही गमावल्यासारखं वाटत नाही. उलट आलं जास्त कळायला लागतं. दुधाची स्वतःची गोडी जाणवायला लागते. आणि एक दिवस पूर्वीसारखा चहा समोर आला की तो पाकासारखा लागतो.

हे सगळं आपल्या भागात बोलायला जरा जड जातं, याची मला जाणीव आहे. घोडेगावच्या शेजारी सोनईला मुळा कारखाना, तिकडे भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना. प्रवरानगरला 1950 मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला तोही याच जिल्ह्यात. उसाच्या पैशांवर इथली घरं उभी राहिली, मुलं शिकली, मुलींची लग्नं झाली. अशा गावात साखरेला नावं ठेवणं हा कृतघ्नपणा होईल, आणि मला तो करायचा नाही. साखर वाईट नाही. सणाच्या पुरणपोळीत ती हवीच. फक्त रोजच्या कपांची बेरीज कुणी करत नाही. चमचाभर साखर म्हणजे साधारण पाच ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप झाले की 40 ग्रॅम, तेही बिस्किटं न धरता. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच चमच्यांपर्यंत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातली बरीच साखर आपण स्वतःच्या हाताने घेतही नाही. ती प्रेमाने वाढलेली असते. “घ्या हो, एकानं काय होतंय!” म्हणत आपण पाहुण्याच्या बशीत पेढा ठेवतो आणि चहात आपल्याच मापाने साखर घालतो. त्या माणसाला मधुमेह असेल तर त्याला चारचौघांत नको म्हणावं लागतं. पुष्कळांना तो संकोच नको वाटतो आणि ते मुकाट्याने पिऊन टाकतात. आपल्या माणसांवर ही वेळ येऊ न देणं आपल्या हातात आहे. आज कामाला निघण्यापूर्वीच्या तुमच्या कपात अर्धा चमचा साखर कमी घाला आणि महिनाभर तेवढीच ठेवा. आणि घरी कुणी आलं, तर पातेलं गॅसवर चढवण्याआधी एवढं विचारा, “साखर किती घालू?”