घरातला हेर

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर झाडलोट सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, वर्षभर न दिसलेली कोळिष्टके एकाएकी डोळ्यांत खुपू लागतात. या झाडलोटीची सोय अशी, की ती पुरी झाली हे डोळ्यांना कळते. तांब्या लखलखला की तो स्वच्छ झाला. त्यावर कोणी वाद घालीत नाही. पण घराच्या एका कोपऱ्यात आता अशी एक वस्तू बसली आहे, की तिच्या स्वच्छतेविषयी डोळ्यांची साक्ष चालत नाही. ती म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला संगणक. घरातल्यांच्या हालचाली गुपचूप टिपून बाहेर पाठवणारे स्पायवेअर त्यात शिरले, तर ते काढता येते. परंतु ते गेले, हे कशावरून म्हणावे?

आधी हा हेर आत येतो कसा, ते पाहू. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत गृहस्थाच्या, व्यापाऱ्याच्या आणि तपस्व्याच्या वेषातले हेर आहेत. ज्यांना दार उघडताना कोणी कचरत नाही, नेमकी त्यांचीच ही सोंगे. संगणकातला हेर ही परंपरा इमानाने पाळतो. फुकट मिळणाऱ्या एखाद्या खेळाबरोबर, हवामान सांगणाऱ्या पट्टीबरोबर, ब्राउझरला जोडायच्या चिमुकल्या एक्सटेन्शनबरोबर तो येतो. पुष्कळदा दारात उभा राहून परवानगीही मागतो. लांबलचक करारनामा पुढे होतो, खाली 'मान्य आहे' असे बटण असते, आणि आपण ते दाबतो.

यावर कोणी म्हणेल, संमती दिलीत, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद मला सावकारी वाटतो. निरक्षर कुळाचा अंगठा उमटवून घ्यायचा आणि पुढे त्या कागदाकडे बोट दाखवायचे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुळांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती असल्याच कागदांना विटून. आपण काय देतो आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ते दिले असे कसे म्हणावे?

आणि हेर नेहमी चोरांकडूनच येतो असेही नाही. २००५ साली सोनी बीएमजी या बड्या कंपनीच्या काही सीडींचे बिंग फुटले. ग्राहकाने पैसे मोजून गाणी घ्यावीत, सीडी संगणकात घालावी, आणि तिच्यातून एक प्रणाली विंडोजच्या पोटात दडून बसावी! गाण्यांच्या नकला होऊ नयेत हा कंपनीचा हेतू. पण आपण तिथे आहोत हेच ती प्रणाली लपवीत होती. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ती उघडकीस आणली. ओरड झाल्यावर कंपनीने ती काढण्याचे साधन दिले, तर त्या साधनानेच संगणकाला नवे भगदाड पाडले.

हेर काढण्याची रीत फारशी गूढ नाही. इंटरनेट तोडायचे, म्हणजे त्याचा निरोप्या अडतो. कागदपत्रे आणि फोटो वेगळे काढून ठेवायचे. दुसरीकडून आणलेल्या खात्रीच्या साधनाने तपासणी करायची, अनोळखी एक्सटेन्शने उपटायची, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. खरी मौज त्यापुढे आहे. हेर गेला म्हणून हुश्श करावे, तर इंटरनेटच बंद! सारी ये-जा आपल्या हातून व्हावी म्हणून त्याने मधल्या एका प्रॉक्सीचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. तो गेला, पत्ता राहिला, आणि टपाल रिकाम्या घराची कडी वाजवीत बसते. सेटिंगमधली एक खूण काढली की काम भागते. रोज सकाळी एक चौकट येऊन अमुक फाइल सापडत नाही म्हणते. तीही मागे राहिलेली एक नोंद, धन्याला शोधणाऱ्या नोकरासारखी.

पण एकदा फसलेल्या माणसाला एवढे सांगून भागत नाही. संगणकाची तारीख रोज काही वर्षे मागे जाते, बँकेचे पान 'सुरक्षित नाही' म्हणून अडते, आणि त्याच्या मनात येते, हेर परत आला! वास्तविक मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. पंख्यात धूळ साचली की यंत्र तापते, जुनी हार्ड डिस्क कुरकुरते. ही म्हातारपणाची दुखणी आहेत. पण संशयाला वार्धक्य आणि कपट यांतला भेद दिसत नाही. घरात चोरी झाली की म्हाताऱ्या गड्याच्या थरथरत्या हातांकडेही आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो, तशातलेच हे.

मग सगळे पुसून, फॉरमॅट करून, विंडोज नव्याने घालावे? बहुधा तेच शहाणपणाचे. पण पूर्ण खात्री तरी त्याने कुठे मिळते? युनिक्स प्रणाली रचणाऱ्यांपैकी एक, केन टॉम्प्सन, यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या वेळी केलेले भाषण १९८४ साली प्रसिद्ध झाले. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधनच जर कोणी बिघडवून ठेवले, तर मूळ प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचूनही दगा सापडणार नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. स्वतः न घडवलेल्या वस्तूवर कुठेतरी विश्वास टाकावाच लागतो. पुरावा जमेल तेवढा गोळा करावा. पण त्याच्या शेवटच्या पायरीपुढे विश्वास हा आपण घेतलेला निर्णय असतो, आणि तो चुकू शकतो.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांवर असा निर्णय घेण्याची पाळी आली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने तपासणी केली, तेव्हा यादीत सात नावे निघाली. सहा कुठून आली कोण जाणे. सातवे पाहून गृहस्थ म्हणाले, "ते राहू दे." अकरावीतली मुलगी संगणकावर काय टंकते, हे टिपणारी ती प्रणाली त्यांनी स्वतःच घातली होती. मुलगा म्हणाला, "काका, ती हे सगळं एका फाइलीत लिहून ठेवते. बाकीच्या सहांपैकी कोणीही ती फाइल उचलली असेल." पहारेकऱ्याची वही चोराच्या हाताशी होती!

हेतूंत फरक आहे हे मला मान्य आहे. लहान मुलावर नजर ठेवावी लागते, हेही. पण 'मी पाहतो आहे' असे सांगून पाहणे आणि लपून पाहणे यांत अंतर आहे, आणि वडिलांच्या मायेने ते बुजत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो सरकारसंबंधीच्या वादात; पण घरातल्या कपाटालाही कुलूप का असते, हे कळायला न्यायालय लागत नाही. त्या तपासणीच्या साधनाने सातही नावे एका रांगेत लिहिली, ती मला योग्य वाटते.

गृहस्थांनी सातवे नावही काढायला लावले, आणि रात्री जेवणे झाल्यावर मुलीला सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "केव्हापासून?"

"दोन वर्षं," ते म्हणाले.

सेल बदलल्यावर संगणकाची तारीख आता बरोबर असते. मुलीने आपला निराळा पासवर्ड ठेवला आहे. तो वडिलांनी विचारलेला नाही, आणि तिने सांगितलेला नाही.