ब्याऐंशीव्या मिनिटानंतर

थोडा वेळ निवांत बसा. दिल्लीत असाल, नोएडा-गुरुग्रामला असाल, नाहीतर दूर कोल्हापुरात. जागा कुठलीही चालेल. फोन बाजूला ठेवा, पाठ टेकवा, खांदे सैल सोडा. आज मनात एकच माणूस धरायचा आहे. तो सोळा वर्षांचा आहे, उंचीला सहा फुटांच्या वर आहे आणि फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळतो.

त्याचं नाव जॅक्सन सिंग थौनाओजम. मणिपूरच्या थौबल जिल्ह्यातला. वडील पोलीस खात्यात होते, तेही फुटबॉल खेळलेले. ते आजारी पडले आणि नोकरी सुटली, तेव्हा आईने इम्फाळच्या बाजारात भाजी विकून घर सांभाळलं. त्या वेळी मुलगा घरापासून लांब, चंदीगडच्या अकादमीत होता. त्या घराचा विचार जरा सावकाश करा. मुलाला खेळायला इतक्या दूर पाठवलेलं, पैशाची ओढाताण चाललेली, आणि तरीही त्याला कोणी परत बोलावून घेत नाही. एखाद्या खेळाडूची कारकीर्द आपण त्याच्या पहिल्या सामन्यापासून मोजतो. माझ्या मते ती इथूनच मोजायला हवी.

आता मैदानावर या. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, 9 ऑक्टोबर 2017, सोमवारची रात्र. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक पहिल्यांदाच भारतात भरला आहे. यजमान म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला आणि तीन दिवसांपूर्वी याच मैदानावर अमेरिकेने आपल्याला 3-0 असं हरवलं. आज समोर कोलंबिया आहे. भारताच्या संघात जॅक्सनच्या नात्यातला भाऊ अमरजित कर्णधार आहे. कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव आहे. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही आहे. कोलंबिया एका गोलने पुढे आहे. स्टेडियम भरलेलं आहे, पण सामना हातचा जाऊ लागला की गर्दीचा आवाज जसा खाली येतो, तसा तो आलेला आहे.

ब्याऐंशीवं मिनिट. संजीव स्टॅलिन कॉर्नरवर चेंडू ठेवतो. चार पावलं मागे जातो. चेंडू उंच येतो, गर्दीतून एक डोकं सगळ्यांच्या वर निघतं आणि चेंडू गोलरक्षकावरून जाळ्यात जातो. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. मधल्या फळीतल्या सोळा वर्षांच्या मुलाने केलेला.

इथे थांबा. घाई करू नका. तो आवाज कानात पूर्ण भरू द्या. इतक्या वर्षांनंतरही माझ्या अंगावर काटा येतो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

श्वास सोडा, कारण पुढचं मिनिट आलं आहे. खेळ पुन्हा सुरू होतो, आपली मुलं अजून आनंदाच्या भरात आहेत, बचावफळी जागेवर आलेली नाही, आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला पेन्यालोसा कोलंबियाचा दुसरा गोल करतो. 2-1. सामना तिथेच संपला. पुढे घानाने आपल्याला 4-0 हरवलं आणि भारत एकही गुण न मिळवता बाहेर पडला.

ही दोन मिनिटं शेजारी शेजारी ठेवून बघा. एकालाही मनातून ढकलू नका. पहिल्याने त्या मुलाचं नाव कायमचं नोंदलं गेलं. दुसऱ्याने त्याला मधल्या फळीचा धडा दिला: गोल झाला तरी आपली जागा सोडायची नाही. मधल्या फळीतला खेळाडू काय करतो हे टीव्हीवर नीट दिसतही नाही. कॅमेरा चेंडूबरोबर धावतो, आणि हा खेळाडू मात्र चेंडू हरवल्यावर काय होईल याची तजवीज करत असतो. समोरच्याची पासची वाट अडवायची, पुढे गेलेल्या साथीदाराची रिकामी जागा भरायची, चेंडू मिळायच्या आत मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवायचं. हे सगळं नीट झालं, तर काहीच घडत नाही. या कामाचं कौतुक कसं करायचं, हे आपण प्रेक्षक अजून शिकलेलो नाही.

त्या रात्रीनंतर जॅक्सन इंडियन अॅरोजकडून खेळला, मग केरला ब्लास्टर्सकडे गेला. मार्च 2021 मध्ये दुबईत ओमानविरुद्ध तो भारताच्या मुख्य संघातून पहिल्यांदा उतरला. आणि मग 20 मार्च 2022, गोव्यातलं फातोर्डा. इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, हैदराबादविरुद्ध 1-1 अशी बरोबरी, शेवटी पेनल्टी शूटआउट. हैदराबादच्या गोलात गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन पेनल्टी अडवल्या, त्यातली एक जॅक्सनची. केरळला त्या विजेतेपदाची वर्षानुवर्षं आस होती.

पुन्हा थांबा. दिल्लीतला तो हेडर आणि फातोर्ड्यातली ही पेनल्टी, दोन्ही त्याच एका माणसाच्या. पहिल्या वेळी आपण त्याला डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्या वेळी तो मैदानाच्या मध्यापर्यंत परत चालत आला असेल, ते अंतर मनातल्या मनात त्याच्याबरोबर चालून बघा. कोणाला दोष न देता, फक्त चाला.

त्याच्यापेक्षा दहाच दिवसांनी मोठा असा एक मुलगा स्कॉटलंडमध्ये वाढत होता. बिली गिल्मर, जन्म 11 जून 2001. जॅक्सनचा 21 जून. तोही मधल्या फळीतलाच, अंगाने छोटा. 18 जून 2021 ला युरो स्पर्धेत वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदाच सुरुवातीच्या अकरात होता, आणि 0-0 सुटलेल्या त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तीनच दिवसांनी त्याला कोविड झाल्याचं कळलं. पुढचा क्रोएशियाविरुद्धचा सामना हुकला, स्कॉटलंड हरून स्पर्धेतून बाहेर गेलं. चेल्सीतून तो ब्रायटनला गेला, तिथून नेपल्सला, आणि 2025 मध्ये तिथला नापोली क्लब इटलीचा विजेता झाला तेव्हा तो त्या संघात होता. दोघांची तुलना करायची नाही. गिल्मरच्या पाठीशी असलेल्या क्लबांचा पैसा आणि परंपरा आपल्याकडे नाही. पण विशीतल्या मुलाला एका आठवड्यात आकाश आणि जमीन दोन्ही दाखवणारा हा खेळ स्कॉटलंडमध्ये आणि थौबलमध्ये एकच आहे.

जॅक्सनला पुढे खांद्याच्या दुखापतीने बराच काळ बाहेर बसवलं. तो परतला, आणि 2024 मध्ये ईस्ट बंगालमध्ये गेला. त्या 2017 च्या संघातले काही जण मोठ्या क्लबांत टिकले, काहींची नावं आज आठवावी लागतात. सोळाव्या वर्षी देशाचा इतिहास या मुलांच्या खांद्यावर ठेवला, तेव्हा पुढच्या दहा वर्षांची काळजी आपण कितीशी घेतली, हा प्रश्न मला टोचतो, आणि तो तुम्हालाही टोचावा असं वाटतं.

आता उठा. दिल्ली गेटजवळ आंबेडकर स्टेडियम आहे, तिथे स्थानिक सामने होतात. मुलांना घेऊन एकदा जा. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका. मधल्या फळीतला एकच पोरगा निवडा आणि फक्त त्याच्याकडे बघत राहा. सामना संपल्यावर, तो हरला असला तरी, त्याला गाठून सांगा की तुझा खेळ आम्ही पाहिला.