हसताना आपण कोणाच्या बाजूला असतो?

पनवेलहून सुटलेली हार्बर लोकल सीएसएमटीला पोचायला साधारण सव्वा तास घेते. ‘ब्लॅक्युला’ हा १९७२चा अमेरिकन सिनेमा दीड तासाचा. म्हणजे खिडकीची सीट मिळाली तरी शेवट राहतोच. माझाही राहिला. बरंच झालं, कारण दिवसभर मला माझ्याच हसण्याचा विचार करावा लागला.

हसू येणं साहजिक होतं. काळा ड्रॅक्युला, रक्ताची भूक लागली की गालांवर उगवणारे केस, मागे ठेका धरायला लावणारं संगीत. काळ्या प्रेक्षकांसाठी स्वस्तात काढलेल्या अशा सिनेमांना ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ म्हणतात. आपल्या रामसे बंधूंची आठवण येतेच. महाबळेश्वरला चित्रित झालेला त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ही १९७२चाच. भीती कमी, धमाल जास्त.

पण गोष्ट ऐका. साल १७८०. मामुवाल्डे हा आफ्रिकी राजपुत्र पत्नी लुवासह ड्रॅक्युलाकडे येतो. गुलामांचा व्यापार थांबवायला मदत करा, एवढंच मागणं. ड्रॅक्युला त्याची टर उडवतो, त्याला चावतो, शवपेटीत कोंडतो आणि वर नाव ठेवतो : ब्लॅक्युला.

म्हणजे ज्या नावावर मी पहिल्यांदा हसलो, तो विनोद ड्रॅक्युलाचा होता. मी नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसलो होतो.

मूळ पटकथेत हा राजपुत्र नव्हताच. नायकाचं नाव होतं अँड्र्यू ब्राउन. शेक्सपिअरची नाटकं गाजवलेला नट विल्यम मार्शल अडून बसला, म्हणून नायकाला आफ्रिकी नाव आणि भूतकाळ मिळाला. राक्षस जन्मत नाही, कोणीतरी तो घडवतो, हे त्याने त्या स्वस्त सिनेमात घुसवलं.

आता आपली भुतं बघा. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला ब्राह्मण मुलगा. आपल्याकडे मेल्यावरही जात सुटत नाही. आणि हडळ? बाळंतपणात गेलेली बाई. ती का गेली, हे कोणी विचारायचं नाही. तिच्या वाटेवर राळे फेकायचे, उंबऱ्यात खिळा ठोकायचा. जिच्यावर अन्याय झाला तिलाच भूत ठरवलं, की जाब देण्यातून आपली सुटका.

मग हसायचंच नाही? असं मला वाटत नाही. १९७२मध्ये ‘ब्लॅक्युला’ला गेलेला काळा प्रेक्षक हसतही असेल, पण आपल्यातला एक माणूस राजाच्या रुबाबात पडद्यावर वावरतोय, हेही बघत होता. त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. भाषण ऐकायला न येणारा माणूस भुताच्या सिनेमाला येतो. हसता हसता त्याच्या पदरात काहीतरी पडतं.

फक्त हसू कोणावर आहे, हे तपासावं लागतं. खुद्द ‘ब्लॅक्युला’ही इथे घसरतो. त्याचे पहिले बळी म्हणजे एक समलिंगी जोडपं, आणि सिनेमा त्यांची स्वस्तात थट्टा करतो. स्वतः सोसलं म्हणून दुसऱ्याला हिणवायचा परवाना मिळत नाही. सोसणाऱ्यालाही हे शिकावंच लागतं.

उरलेला शेवट परतीच्या गाडीत पाहिला. लुवासारखीच दिसणारी टीना हातातून गेल्यावर मामुवाल्डे कोणाच्याही हाती लागत नाही. स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढतो आणि उन्हात जाऊन उभा राहतो. सकाळी ज्या केसाळ गालांवर मी हसलो होतो, तेच गाल समोर होते.

पनवेल आलं. मोबाइल खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी मित्राने विचारलं, “काय बघत होतास?” तोंडावर आलेलं नाव गिळलं आणि म्हणालो, “मामुवाल्डेची गोष्ट.”