वरदान मागणारी मुलं

वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराला प्रतिपंढरपूर म्हणतात; आषाढीला तिथं रांग लागते. तिथून लालबाग फार लांब नाही. 1932मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, तेव्हा कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, आणि 1934मध्ये तिथं गणपती बसला. मोठ्यांच्या मागण्याला या भागात असा मान आहे. मुलाचं मागणं मात्र हट्टात जमा होतं. मराठी बालचित्रपटांकडे पाहताना मला ही तफावत बोचते.

'एलिझाबेथ एकादशी' (2014) हा परेश मोकाशींचा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे. वडिलांनी घडवलेली सायकल विकावी लागू नये म्हणून पंढरपुरातली मुलं वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. गोष्ट प्रत्यक्ष विठोबाच्या दारात घडते, तरी मुलांना काही आयतं मिळत नाही. त्यांना कमवावं लागतं. 'टिंग्या', 'फँड्री', 'किल्ला' या चित्रपटांतली मुलंही सोसतात, समजून घेतात, वयाआधी मोठी होतात. या चित्रपटांनी मराठी सिनेमाची मान उंचावली. पण आपल्या पडद्यावर हेच एक बालपण खरं ठरलं, आणि काही न कमावता काहीतरी मागून पाहणारं मूल जवळजवळ नाहीसं झालं.

रंगभूमी इतकी बिचकली नाही. सुधा करमरकरांनी 1959मध्ये 'मधुमंजिरी' उभी केली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आजही नाट्यगृहं भरते. सई परांजपे यांनी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी 'जादू का शंख' केला, तो हिंदीत. मराठी पडद्यावर 'धडाकेबाज'मधला बाटलीतला गंगाराम आला 1990मध्ये. मुलांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण तो मदतीला धावत होता मोठ्या माणसाच्या.

मागण्याची गोष्ट मुलाला लाडावते, असा आक्षेप घेतला जातो. एडिथ नेस्बिट यांची 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' ही 1902मधली कादंबरी वाचली की तो टिकत नाही. 2004मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. वाळूच्या खड्ड्यात भावंडांना एक तिरसट प्राणी सापडतो. तो इच्छा पुरवतो, पण सूर्य मावळला की दिलेलं सगळं नाहीसं होतं. मुलं रूप मागतात, तर त्यांचं धाकटं भावंडच त्यांना ओळखत नाही. सोनं मागतात, तर ती जुनी नाणी दुकानदार घ्यायला तयार नाहीत. पंख मागतात आणि चर्चच्या मनोऱ्यावर अडकून पडतात. कुणी कान धरून उपदेश करत नाही. आपल्याला नेमकं काय हवं होतं, हे मुलं मागून, फसून, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून शिकतात. चूक करायला एक सुरक्षित दिवस मिळतो. संध्याकाळी हिशेब मिटतो, शहाणपण तेवढं उरतं. मोठ्यांच्या नवसात ही मुभा नाही. तिथं नवस पावला की फेडावाच लागतो.

ही मुभा सर्वांत जास्त कुणाला हवी? वडाळ्याजवळच्या अँटॉप हिलच्या वस्तीत पाण्याची कळशी भरून मग शाळेत जाणाऱ्या मुलीला. ती रोज कमावते आहे, रोज समजूतदार आहे. तिला पडद्यावर पुन्हा समजूतदार मूल दाखवून आपण तिचं कौतुक करतो, पण तिच्या डोक्यात काय चाललंय ते विचारत नाही. कल्पनारम्य गोष्टी खात्यापित्या घरच्या मुलांसाठी आणि वास्तव गरिबांच्या मुलांसाठी, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. खोटी आशा लावू नये, हे मान्य. पण मुलांना खेळ कळतो. सूर्यास्ताची अट त्यांना आपल्याआधी कळते.

जादूचा चित्रपट परवडत नाही, असंही म्हणतात. पैशांचं हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. 1984मध्ये केरळच्या नवोदयनं 'माय डिअर कुट्टिचातन' काढला. हिंदीत तोच 'छोटा चेतन' झाला. मांत्रिकाच्या ताब्यातून सुटलेला चेतन मुलांना भिंतीवरून, छतावरून चालवतो. जिजो पुन्नूस यांनी त्यासाठी अख्खी खोली फिरेल असा लोखंडी सांगाडा उभा केला. संगणकाची जादू नव्हती, तरी भारतातला पहिला त्रिमितीय चित्रपट त्यांनी मुलांसाठी केला. मुलांना काय हवंसं वाटतं, हे त्यांनी गंभीरपणे घेतलं होतं.

वडाळ्यात 2001मध्ये आयमॅक्सचा घुमट उभा राहिला. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर बसून मुलांनी परदेशी जादू पोटभर पाहिली. मला तिथं वडाळ्याच्याच मिठागराच्या चिखलातून वर आलेला एखादा खारट, चिडका, मराठी बोलणारा प्राणी बघायचा आहे, आणि त्याच्यासमोर अँटॉप हिलची ती मुलगी. तिनं पहिल्या दिवशी आईसाठी औषध किंवा भावासाठी वह्या मागू नयेत. स्वतःसाठी काहीतरी अगदी निरुपयोगी मागावं, आणि पटकथाकारानं तिला ते द्यावं.